चाफ्याला टांगलेले फोन

“मागचा काय मेला होता?” अक्कांनी विचारलं.

“नाही,” शार्दूल म्हणाला. “चालत होता.”

“फुटला?”

“एक कोपरा उडाला होता. पण त्यानं काही बिघडलं नव्हतं.”

“मग?”

“जुना झाला होता, अक्का. दोन दिवाळ्या झाल्या होत्या त्याला. जुना झाला की मी बदलतो.”

अक्कांनी त्याचा नवा फोन उलटा केला, सुलटा केला. काळ्या काचेत त्यांना स्वतःचं कपाळ दिसलं असावं. त्यांनी पदरानं काच पुसली. मग कपाळही पुसलं.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “जा, टांगून ये.”

आजऱ्याच्या पुढे, घाट सुरू व्हायच्या आधी, एक लहानसं तळं आहे. काठाला दगडी मंडप, मंडपासमोर चाफा. अक्का तिथे राहतात. कधीपासून, ते कुणी सांगत नाही. विचारलं तर लोक चाफ्याकडे बघतात.

वैशाखातली दुपार कलत आली होती. चाफ्याला पान नव्हतं, नुसती फुलं. आणि फुलांच्या अधेमधे कापडाच्या चंच्या टांगलेल्या. अक्कांच्या जुन्या लुगड्यांतून शिवलेल्या, धुऊन धुऊन रंग गेलेल्या, सगळ्या एकसारख्या. पानसुपारीऐवजी प्रत्येकीत एकेक फोन.

तिथला रिवाजच तो. मंडपात बसायचं तर फोन चंचीत, चंची चाफ्याला. नंतर येणाऱ्यानं आधीच्या चंच्या आत सरकवायच्या आणि आपली टोकाला अडकवायची.

मधूनच एखादी चंची आतून उजळायची. कापडातून तो उजेड ताकासारखा पांढुरका दिसायचा. थोडा वेळ घुमायची, भुंगा अडकल्यासारखी, आणि गप्प व्हायची.

कुणी उठायचं नाही. एखादं फूल तेवढं पडायचं.

मी माझी चंची टांगली. शार्दूलनं त्याची टांगली. त्याला वरचीच फांदी लागली.

“पावणं, नीट बांधा,” मागून आवाज आला.

सत्याप्पा अण्णा होते ते. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. दर गुरुवारी यायचे. हातातली पिशवी खाली न ठेवता त्यांनी आम्हाला सगळं समजावलं.

“जाताना चंची उघडून बघायची न्हाई. वरनं चाचपायची. हाताला वळखलं, तर आपलं.”

“आणि हाताला नाही ओळखलं, तर?” शार्दूलनं हसत विचारलं.

“तर बसायचं. सगळी गेल्यावर उरतंय ते आपलं.”

“असं कुणाचं होतं का कधी?”

अण्णांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. “आजवर तरी न्हाई.”

लग्नानंतर जोडीनं अक्कांकडे जायचं, सुनेची ओटी भरून घ्यायची, ही सासूबाईंच्या घरची पद्धत. म्हणजे आजचा दिवस माझा होता. पण गाडी आजऱ्यात शिरता शिरता शार्दूलनं ठरवलं, की नारळ मला आणि नाम त्याला.

सासूबाईंना अक्कांनी नाम दिलेलं आहे. भाजी निवडताना त्यांचे ओठ हलतात, ते तेच. त्यांना बसल्या जागी झोप लागते. मांडीवर मेथी, हातात काडी, आणि घोरणं.

त्यांच्या मुलाला लागत नाही.

लग्न झाल्यापासून बघते आहे. पलंगाच्या कडेला बसतो, पाठमोरा. तोंडावर उजेड, अंगठा वर, अंगठा वर. मी कूस बदलते. त्याला वाटतं, मी झोपले आहे. मीही ते मोडत नाही.

घरात मी अजून नवी होते. सगळे जपून हात लावत होते.

मंडपात गारवा होता. अक्का खांबाला टेकून बसल्या होत्या. चष्म्याची एक दांडी दोऱ्याची होती, ती त्यांनी कानामागे नीट केली.

“बोल,” त्या म्हणाल्या.

“मला नाम हवंय, अक्का.”

“कशाला?”

तळ्यावर एक बगळा उतरला, पाणी थोडं हललं, परत निवांत झालं.

“झोप येत नाही,” तो म्हणाला. “डोळे मिटले की आत सगळं चालूच असतं. बंदच होत नाही.”

हे तो हळू बोलला. इतकं हळू की मला वाटलं, शेजारी दुसरंच कुणी बसलं आहे.

“आईला तुम्ही दिलंत. ती कशी शांत असते. मला तेच द्या. आज द्या.”

“आजच?”

“आज नाही मिळालं तर... मला नाही माहीत पुढे काय करायचं.”

अक्कांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

“आधी कुठं गेला होतास?”

आता तो सावरून बसला. आवाज नेहमीचा झाला.

“पुण्यात एक स्वामीजी होते. श्वासाचं शिकवायचे. चांगलं होतं, पण अगदीच सुरुवातीचं. मग मी मौनाचं शिबिर केलं. मग एक गुरुजी मिळाले, फोनवरच शिकवायचे. त्यांचं ॲप होतं.”

“मग?”

“त्यांच्याकडचं संपलं.”

“संपलं?”

“म्हणजे, मला जे घ्यायचं ते घेऊन झालं. आता पुढचं हवं.”

“पुढचं,” अक्का म्हणाल्या. जिभेवर ठेवून चव बघावी तसा तो शब्द त्यांनी थोडा वेळ तोंडात धरला.

मागे अण्णा खोकले. त्या खोकल्यात बरंच हसू होतं.

“ह्यांनी गुरूबी दिवाळीलाच बदललं वाटतं,” ते चाफ्याला म्हणाले.

शार्दूलनं मागे वळून पाहिलं नाही. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

“हसण्यासारखं काय आहे त्यात?” तो अक्कांना म्हणाला. “माणसानं पुढे जायला नको? दोन वर्षांत बॅटरी दमते. बनवणारे स्वतःच सांगतात. दमलेली वस्तू धरून बसायची, तर ते प्रेम नव्हे, आळस आहे.”

“दमलेल्याचं काय करतोस मग?”

“देऊन टाकतो.”

“कुणाला?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. “हिला.”

खरं होतं. आमच्या घरी फोन पाण्यासारखे वरून खाली येतात. त्याचा जुना माझ्याकडे आला. मी माहेराहून आणलेला सासूबाईंकडे गेला. सासूबाईंचा आता फडताळात असतो, चहाच्या डब्याशेजारी. सकाळी भजनं लावतो आणि भाजी चिरेपर्यंत गप्प होतो.

अक्का माझ्याकडे बघत होत्या. मी पदराचं टोक बघत होते.

“देते,” त्या एकदम म्हणाल्या.

शार्दूल ताठ झाला. “नाम?”

“व्हय. आधी तुझा तो फोन घेऊन ये. परत बघू दे मला.”

“आत्ता आणतो.”

“उघडायचं न्हाई हं. चाचपून आण.”

“अक्का, रोज हातात असतो माझ्या.”

“मग सोपंच आहे की.”

तो पायऱ्या उतरून चाफ्याखाली गेला. आमच्यानंतर बरेच लोक आले होते. त्याची वरची फांदी आता चंच्यांनी भरली होती, आणि कोणती कुणी कुठे सरकवली, ते झाडालाच ठाऊक. पण तो गोंधळला नाही. हात वर करून एकेक चंची दाबू लागला, बाजारात आंबा बघावा तशी.

“त्या स्वामीजींचं नाव काय म्हणालास?” अक्कांनी मंडपातून हाक देऊन विचारलं.

त्यानं नाव सांगितलं.

“आणि ते श्वासाचं काय असायचं?”

तो सांगू लागला. श्वास कुठे धरायचा, कुठे सोडायचा. मग मौनाचं सांगू लागला, मोठ्यानं. मग ॲपवाल्या गुरुजींच्या पायऱ्या. तोंड बोलत होतं. हात आपला आपला फिरत होता, या चंचीवरून त्या चंचीवर, आंधळ्या मांजरासारखा.

“... कारण एकदा वरची पायरी आली, की खालच्या पायरीवर आपलं काही उरत नाही...”

इथे हात थांबला.

तोंडाला कळलंच नाही, ते पुढे गेलं. पण हात एका चंचीवर थांबला होता. अंगठा कापडावरून कडेला गेला, तिथे जरा आत बसला, आणि तिथेच राहिला.

“सापडला!” शार्दूल म्हणाला.

तो चंची सोडवून घेऊन आला आणि अक्कांच्या पुढ्यात ठेवली.

“नक्की?”

“नक्की.”

“कशावरनं?”

“कशावरून म्हणजे... हाताला कळतं ना.”

“सोड नाडी.”

त्यानं नाडी सोडली.

माझा फोन होता.

वरच्या कोपऱ्याचा टवका उडालेला. काचेला बोट लागल्याबरोबर उजळला, आणि आमच्या माहेरच्या मागच्या दाराचा फोटो दिसला. उंबऱ्यात मांजर बसलेलं.

या वेळी अण्णा खोकले नाहीत.

“हा माझा...” शार्दूल म्हणाला. “म्हणजे, हिचा. म्हणजे... आधी माझा होता.”

“देऊन टाकलास ना?”

“हो.”

“हाताला सांगितलं नव्हतंस?”

त्यानं फोन उचलून हातात घेतला.

अक्कांनी फोनकडे बोट करून मला विचारलं. “कधी दिला गं तुला यानं?”

“लग्नात.”

“तवा काय होतं यात?”

मला समोरासमोर फारसं बोलता येत नाही. माणूस समोर असला की माझे शब्द चपला काढून दाराशीच उभे राहतात. पण अक्का थांबल्या होत्या. त्यांना घाई नव्हती. तळ्यालाही नव्हती.

“मी होते,” मी म्हणाले.

“तू?”

“साखरपुडा झाल्यापासून रोज बोलायचे मी यांच्याशी. यातूनच. कोपरा तेव्हाच उडाला. बोलत बोलत हे गच्चीचा जिना उतरत होते.”

“काय बोलायचीस?”

“काहीही. घरातलं.”

“आणि हा?”

मी शार्दूलकडे पाहिलं. तो कोपऱ्याच्या टवक्याकडे बघत होता.

“हे ऐकता ऐकता झोपायचे,” मी म्हणाले. “पलीकडून श्वासाचा आवाज यायचा. मी फोन ठेवायचे नाही.”

मग लग्न झालं, आणि फोन करायचं कारणच उरलं नाही. हे मी अक्कांना सांगितलं नाही.

“चूक झाली,” शार्दूल म्हणाला. “मी बोलत होतो ना, म्हणून. परत शोधतो.”

“शोध की.”

या वेळी माझा फोन खिशात टाकून तो गप्प राहून शोधू लागला. डोळे मिटून. एकेक चंची दोन्ही हातांत धरून. खालच्या फांदीवरून वरच्या, वरच्या फांदीवरून खालच्या. चाफ्याची फुलं त्याच्या खांद्यावर पडत होती, त्यानं ती झटकली नाहीत.

“सगळे सारखेच लागतात,” तो शेवटी म्हणाला.

लोक उठायला लागले होते. एक बाई आली, तिनं चंची धरली न धरली तोच नाडी सोडली. तिच्या फोनला पाठीमागे खडबडीत कसलंसं कव्हर होतं. एक मास्तर आले, ते चंची हलवून आवाज ऐकायचे. त्यांच्या फोनमध्ये काहीतरी सैल झालं होतं, आणि ते सैल झालेलं त्यांना पाठ होतं.

अण्णांनी लांबूनच हात घातला.

“आलं आमचं म्हातारं,” ते म्हणाले. फोनला मधोमध रबर होतं. मागचं झाकण त्यावरच टिकून होतं. त्यांनी तो कानाला लावला, उगाच, तो वाजतही नव्हता. मग शार्दूलच्या पाठीवर थाप मारली.

“बसा पावणं. उरतंय ते तुमचं. कुटं जातंय?”

शार्दूल चाफ्याच्या बुंध्याशी बसला. वर आता मोजक्याच चंच्या होत्या. तो वर बघत नव्हता. माझा फोन त्याच्या हातात होता. द्यायचा राहिला होता, की धरून ठेवला होता, ते मी विचारलं नाही.

अंगठा टवक्यात बसला होता.

अक्का मंडपातून उतरल्या. मला खुणेनं बोलावून त्याच्याशेजारी बसवलं, आणि स्वतः पायरीवर टेकल्या.

“बोल,” त्या म्हणाल्या.

“मी? काय बोलू?”

“यात असताना बोलायचीस ते.”

“ते काही... म्हणजे ते काहीच नव्हतं, अक्का.”

“तेच बोल.”

मला फार अवघडल्यासारखं झालं. मी तळ्याकडे बघत राहिले. पाण्यावर आता ऊन तिरपं आलं होतं, आणि समोरचा काठ खाली डोकं करून उभा होता. कुणाकडे न बघता बोलायचं, तर ते थोडं फोनसारखंच होतं.

“आमच्या मांजरीनं यंदा तांदळाच्या कणगीमागे पिल्लं घातली,” मी म्हणाले.

शार्दूलनं मान वळवली नाही.

“आई म्हणाली, उचलू नका, ती स्वतःच जागा बदलेल. मांजर सात घरं बदलते म्हणतात ना. पण हिनं बदललीच नाही. मग आईच तांदूळ घ्यायला वाकायची तेव्हा म्हणायची, सरका गं बायांनो. रोज म्हणायची. आता पिल्लं मोठी झालीत, गेलीत कुठेकुठे. आई अजून वाकली की म्हणते...”

तो बुंध्याला टेकला.

“आणि शेजारच्या कमळामामींनी परत भिंतीला रंग दिला. या वेळी निळा. मामा घरी आले आणि सरळ पुढच्या घरात गेले. तिथं बसून पाणी प्यायले, कुणाशी तरी बोलले. मग त्यांच्या लक्षात आलं...”

एक चंची कुणीतरी सोडवून नेली. फांदी वर झाली, एक फूल पडलं. मी बोलत होते. काय बोलत होते, ते मलाही नीट ऐकू येत नव्हतं. मागच्या दारचा नळ, त्याला बांधलेली चिंधी, चिंधीतून गळणारं पाणी, त्याखाली आपोआप उगवलेला पुदिना. आवाज माझाच होता, पण पलीकडच्या गावाहून आल्यासारखा. तळं ऐकत होतं. समोरचा उलटा काठ ऐकत होता.

मग पलीकडून श्वासाचा आवाज आला.

मी थांबले.

शार्दूल झोपला होता. डोकं बुंध्याला, तोंड जरा उघडं, त्याच्या आईसारखंच. फोन छातीशी.

चाफ्यावर आता एकच चंची राहिली होती. सगळ्यांत वरच्या फांदीला, एकटी. तेवढ्यात ती आतून उजळली. घुमायला लागली. बराच वेळ घुमत राहिली, गोल गोल फिरत, आपल्याच नाडीला पीळ देत.

मी उठायला गेले. अक्कांनी बोट वर केलं.

चंची गप्प झाली. पीळ हळूहळू उलगडला.

अक्कांनी पदराआडून नारळ काढला. खण, मूठभर तांदूळ. मी पदर पसरला. त्यांनी ओटी भरली. शेवटी खाली वाकून शार्दूलच्या खांद्यावरचं एक फूल उचललं आणि तेही माझ्या ओटीत टाकलं.

त्या परत मंडपाकडे निघाल्या.

“अक्का,” मी दबकत हाक मारली. “आणि त्यांचं नाम? तुम्ही देते म्हणाला होतात.”

अक्का पायरीवर थांबल्या. दोऱ्याची दांडी कानामागे सारून त्यांनी झोपलेल्या शार्दूलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“जुना झाला,” त्या म्हणाल्या, “की घेऊन ये याला.”